बुधवारी नुसते बसण्याविषयी

मुलुंड (पूर्व), गुरुवार

प्रिय मालन हिस, मनोहरदादाचा प्रभूमध्ये सलाम.

मनोरीची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवत आहे असे मी गृहीत धरतो (विचारले असते, तर उत्तरात तीन पाने गुडघेच आले असते). माझी प्रकृती वयाच्या मानाने बरी, मनाची मात्र नाही. या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: गरजूंची सेवा आपल्या चर्चच्या मंडळीच्या आवाक्यातली नाही, आणि तिने हा उद्योग बंद करण्यातच गरजूंचे हित आहे.

प्रमाण पुढीलप्रमाणे. कांजूरमार्गला द्रौपदीबाई राहतात. त्यांचे यजमान अंबादास दोन वर्षांपासून पक्षाघाताने अंथरुणावर आहेत. घर बौद्धांचे, पण सेवा समितीच्या ठरावात 'धर्म न पाहता' असे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे (मसुदा माझा) आपण तेथे जातो. बाईंच्या स्वतःच्या छातीत गाठ आहे. ती तपासायची तारीख रुग्णालय बुधवार सकाळचीच देते, आणि नवऱ्याजवळ बसायला कोणी नाही म्हणून ती दोनदा हुकली. यावर आपण काय केले? पहिल्या भेटीत घोंगडी दिली. मे महिना होता. दुसऱ्या भेटीत पेरू नेले. अंबादासांना चावता येत नाही. तिसऱ्या भेटीत अकरा जण प्रार्थनेला गेलो आणि त्या बाईने आम्हा अकरा जणांसाठी चहा टाकला, घरात कप चारच असल्यामुळे तीन पाळ्यांत. चंद्रप्रकाशने (समितीचा सचिव, उत्साह अमर्याद) साखर कमी पडल्याचेही निदर्शनास आणून दिले. निघताना बाई म्हणाल्या, "साहेब, फळं-बिळं राहू द्या हो. येत्या बुधवारी कोणीतरी एक जण नुसतं येऊन बसा ना यांच्यापाशी."

ही विनंती समितीपुढे आली तेव्हा अध्यक्षस्थानी मी होतो. मी असे मांडले की सेवा ही कृती आहे. नुसते बसणे हा कृतीचा अभाव आहे. सबब नुसते बसणे ही सेवा नव्हे. युक्तिवादात फट नव्हती. ठराव एकमताने संमत झाला आणि बटाटेवडे आले. ते वाढणारी श्वेता (युवक संघातली, जिभेला हाड नाही) मला म्हणाली, "अंकल, मग तुम्हीच जा ना. तसेही तुम्ही बसलेलेच असता." विधान अवमानकारक होते, असत्य नव्हते. म्हणून काल मी गेलो.

बाई सातला निघाल्या. मी खुर्चीत बसलो आणि प्रार्थना करू का, असे अंबादासांना विचारले. ते काही बोलले. उच्चार मला कळेना. मी पुन्हा विचारले. त्यांनी बऱ्या हाताने खाटेखाली बोट दाखवले. तेथे लघवीचे भांडे होते. मालन, छत्तीस वर्षे मी तर्कशास्त्र शिकवले, आणि ते भांडे कोणत्या बाजूने धरायचे हे मला ठाऊक नव्हते. ठरवेपर्यंत त्याचे प्रयोजन उरले नाही. गादी, लेंगा, चादर आणि माझी बाही. अंबादास भिंतीकडे तोंड करून रडू लागले. शेजारची शीतल धावत आली, "आजोबा, बाजूला व्हा बघू. प्रार्थना नंतर," म्हणाली, आणि पाच मिनिटांत सगळे बदलून तिने त्यांना कोरडे केले. दरम्यान कोणीतरी द्रौपदीबाईंना फोन केला. रांगेत त्यांच्यापुढे दोनच बायका उरल्या होत्या. रांग सोडून त्या परत आल्या. दारात मला म्हणाल्या, "असू द्या साहेब. तुम्ही आलात तरी." त्यांनी शिवी दिली असती तर मी ती सहन केली असती.

सबब विधान सिद्ध झाले. मंडळीने थांबावे.

तुझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करणारा,
दादा

ता. क. तपासणीची नवी तारीख पुढच्या बुधवारची आहे. तू एकतीस वर्षे परिचारिका होतीस. सोमवारी पहिल्या बोटीने निघून ये. भांडे कसे धरायचे, माणसाला कुशीवर कसे वळवायचे, अंगाखालून चादर कशी काढायची, एवढे मला शिकव. सरावासाठी चंद्रप्रकाश आडवा पडायला तयार आहे. हे काम आपल्याला जमेल असे तो म्हणतो. बुधवारी तेथे तू बसायचे नाहीस. मी बसणार आहे.

ता. क. दुसरा. वर 'कोणीतरी' फोन केला असे लिहिले आहे. शीतल सारे आवरून गेली होती, अंबादास शांत पडले होते, कोणाला बोलावण्याचे कारण उरले नव्हते. ते पुन्हा भांडे मागतील या भीतीने फोन मीच केला. चूक माझी आहे, मंडळीची नाही.

मनोहर सॅम्युएल पगारे