घरच्या नोकरांना लागू नाही

९ मार्च १९६५, सालमिया, कुवेत
दाऊदभाई परांचीवरून पडला. मांडीचं हाड मोडलंय. आमच्या बांधकामाच्या ठेकेदार शेटचा सगळ्यात जुना गवंडी, दाभोळकडचा. मी शेटच्या ऑफिसात टायपिस्ट आणि दुभाषा, म्हणून हॉस्पिटलात बरोबर गेलो. शेट संध्याकाळी आला. आधी परांची सोडवून लाकडं हलवली, मग आला. अंगाला अत्तराचा घमघमाट.

१० मार्च
कामगार कायदा आला तेव्हा याच शेटनं ऑफिसात जिलबी वाटलेली. म्हणे, आता इथं मजूर म्हणजे माणूस! कामावर जखमी झालेल्याला मालकानं सांभाळायचं, असं त्यात आहे. आज केबिनमध्ये बोलावलं.
"युसूफ, हा कायदा घरच्या नोकरांना लागू नाही. दाऊद माझ्या घरी स्वैपाकाला होता, गच्चीवरून पडला. मजूर-कचेरीचा साहेब विचारेल तेव्हा 'खादिम' म्हणायचं. नोकर. बस्स."
खजूर पुढे केला. थुंकावासा वाटला. गिळला.

१२ मार्च, शुक्रवार
नमाजाला शेट पहिल्या रांगेत. बघवेना.
हॉस्पिटल. दा.भाईला सगळं सांगितलं. हसायला गेला नि कळ आली. "मी स्वैपाकी? मना चहा पन करता येत नाय." मग म्हणाला, "हसन बाजूलाच व्हता. तो सांगेल."

१३ मार्च
हसनला गाठलं. दोघं एका गावचे, एका भिंतीवर काम करणारे.
"मी काय बगितलंच नाय, युसूफभाई."
नजर वर नाही. शेट त्याला मुकादम करतोय, असं बाकीच्यांकडून कळलं. शी.

१७ मार्च
मजूर-कचेरीचा साहेब, इजिप्तचा मिसरी, जबानी घ्यायला हॉस्पिटलात. शेट आधीच हजर, स्वतःच्या हातानं दा.भाईची चादर सारखी करतोय!
साहेब : काय काम करतोस?
दा.भाई : गवंडी.
शेट माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडातून 'बन्ना' गेलं. गवंडी. जे तो बोलला तेच.
शेट मोडक्यातोडक्या अरबीत ओरडला, हा माझ्या घरचा नोकर, आणि हा टायपिस्ट त्याला फितूर.
साहेब मला म्हणाला, घरनोकर असेल तर मला काही करता येत नाही. गवंडी असेल तर पडताना पाहिलेला माणूस उभा करा. कामाच्या जागी येतो मी.

१८ मार्च
नोकरी गेली. शेटनं व्हिसाची आठवण करून दिली, फार गोड आवाजात.
दिवसभर खोलीत. शेटची किळस येते ती येतेच. पण कायदा लिहिणाऱ्यांनी ही फट ठेवली कशाला? घर झाडणारा पडला तर त्याचं हाड हाड नव्हे? वर आम्ही जिलबी खाल्ली. मीसुद्धा, दोन.

२० मार्च
साहेब उद्या बांधकामावर येणार. दा.भाईकडे निरोप दिला.
संध्याकाळी हसन दारात. आत ये म्हटलं, आला नाही.
"अरबीत 'मी बगितलं' कसा बोलतत?"
"आना शुफ्त."
त्यानं म्हणून बघितलं. चुकला. परत म्हटलं.
"उद्या येशील?"
तो वळला. जिना उतरताना पुटपुटणं ऐकू येत होतं, आना शुफ्त, आना शुफ्त. खाली रस्त्याला लागला तसा आवाज बंद झाला.