सरळ राहायचं काम

माय, आज भिंतीवरचा आपला फोटो पुसायला काढला आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं. तुला जाऊन किती वर्षं झाली, आणि वाचता तर तुला कधीच येत नव्हतं. तरी लिहिते.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात माझं पहिलंच वर्ष. बाकावर तासभर बसलं की माझी पाठ भरून यायची. खेळाच्या सरांनी एकदा आम्हा मुलींना पालथं झोपवलं आणि छाती जमिनीवरून उचलून धरायला सांगितली. भाताच्या रोवण्याला जाणाऱ्या मुलींनी मजेत धरली. मी सगळ्यात आधी खाली. सर म्हणाले, "पाठीत जोरच नाई तुह्या. पेपरले तीन तास कशी बसशील? घरी कामाले हात लावत नाई वाटते." मला रडूच आलं. हात कसा लावणार? भाताची रोपं लावता लावता तुझी कंबर कायमची वाकून गेली होती, म्हणून तू मला बांधीतल्या चिखलात उतरूच देत नव्हतीस. पाणीसुद्धा तूच भरायचीस. तुझ्या मायेनंच माझी पाठ कच्ची राहिली होती, आणि हे तुला सांगायचं तरी कसं?

रोवण्याच्या दिवसांत गावी आले आणि सांगूनच टाकलं. उद्यापासून मीही बांधीत येते म्हटलं. तू चुलीपाशी बसलेली. ऐकलंस आणि भडकलीस. "चिखलात रोवासाठी कॉलेजात टाकलं का तुले?" त्या दिवशी आपण दोघी धड जेवलो नाही. सकाळी तू मला विहिरीवर नेलंस, डोक्यावर चुंबळ ठेवलीस, तिच्यावर पाण्यानं भरलेली पितळी गुंडी. "वाकाचं काम मी करतो. तू सरळ राहाचं काम कर." मी घराकडे निघाले आणि तू मागून ओरडत येतेस, "हात नोको लावू! मान वर!" मी ओलीचिंब, गाव हसतंय, तुला कशाचं काही नाही. सुट्टीत घरी आले की तेच काम. वार्षिक परीक्षेत मी तीन तास बसले, पाठीनं दुखायचं नाव घेतलं नाही.

डिग्री मिळाली तेव्हा आपण फोटो काढायला गेलो. काळा गाऊन स्टुडिओतलाच. फोटोवाला तुला म्हणाला, "मावशी, जरा सरळ उभ्या राहा." तू हसून म्हणालीस, "सरळच हाओ ना बाप्पा." तो हसला. मला नाही हसू आलं.

फोटोत आपले खांदे एका रेषेत आहेत. तू पुढे गावभर दाखवत फिरलीस, पोरगी माह्याएवढीच हाय म्हणून. आता माझी मुलगीही म्हणते, आजी तुझ्याएवढीच उंच होती ना गं? मी हो म्हणते. माय, त्या लांब गाऊनच्या आत मी गुडघे वाकवले होते.