आज घरात काय शिजलंय

आप्पा, निपाणीची ती खानावळ अजून आहे. स्टँडमागच्या गल्लीतली, दगडी पायरीची. हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगू? घरात सांगितलं तर म्हणतात, जेवलीस ना, झालं मग. तुम्ही गेलात, तुमच्यामागोमाग आपला हातमागही गेला. वडगावात आता घरोघरी पॉवरलूम खडखडतात आणि साड्या घेऊन दुकानं फिरायचं तुमचं काम मी करते. तुम्ही लाल बसच्या टपावर गाठोडं चढवून जायचात, मी गाडी घेऊन जाते. गाडी मीच चालवते, हसू नका. घाटाघाटातनं नाही, सरळ हायवेनं जाते आणि कुणी कट मारला तर काच खाली करून त्याचा उद्धारही करते. माझं तोंड तुम्हाला माहीतच आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला बरोबर न्यायचात ते दिवस या रस्त्यावर हमखास आठवतात. संकेश्वर, निपाणी, कधी गडहिंग्लज. दुकानदाराशी तुमचं बोलणं संपेस्तोवर माझ्या पोटात कावळे ओरडायला लागलेले. स्टँडसमोर एक मोठं हॉटेल होतं, काचेच्या कपाटामागं टम्म फुगलेल्या पुऱ्या, बाजूला पिवळीधमक बटाट्याची भाजी. मी तिथं पाय घट्ट रोवून उभी राहायची. तुम्ही मनगट धरून गल्लीत वळायचात. आणि खानावळीत गेल्यावर तरी बाकीच्या माणसांसारखं बसावं, एक मटण ताट म्हणून हाक मारावी, तर तेही नाही. गाठोडं भिंतीला टेकवायचं, हातपाय धुवायचे आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उंबऱ्याच्या अलीकडं उभं राहायचं. "वैनी, जेवलासा का? आज घरात काय शिजलंय?" कानडी घर असलं तर तेच कानडीत, "ऊटा आतेन्री?" आपल्याकडं काय, भेटेल तो दुसऱ्याला जेवलास का म्हणून विचारतोच, आणि उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. तुम्ही थांबायचात. मग आतली बाई जे सांगेल ते, गिऱ्हाइकांसाठी केलेलं नव्हे, घरच्यांनी खाल्लेलं, तेच आपल्या ताटात. शेजारच्या बाकावर तांबडा रस्सा, आणि आपल्यापुढं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, भाकरी, कांदा आणि मिरचीचा खर्डा.

एकदा मी वाटी ढकलली. माडगं आजाऱ्याला देतात, मला कुठं ताप आलाय, असं काहीतरी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही वाटी उचलून परत माझ्यापुढं ठेवलीत आणि हळू म्हणालात, "त्या बाईनं ह्येच खाऊन सकाळधरनं एवढ्या माणसांस्नी वाढलंय. तुला चालंना व्हय गं?" मी खाल्लं. गरम होतं, चांगलं होतं, पण ते कबूल करायची नाही असं मी ठरवलं होतं. पुढं कितीतरी वर्षं माझी पक्की समजूत होती की आप्पांचा हात आखडता आहे, घरचं म्हटलं की स्वस्तात पडतं, म्हणून हे सगळं. आईचंही तेच मत होतं, तिला विचारून बघा, आता तुमच्याजवळच आहे.

तर आता गेल्या महिन्यातलं सांगते. बऱ्याच दिवसांनी निपाणीचं काम निघालं. वरनं पूल झालाय, गाड्या गावात न शिरता वरच्या वर कोल्हापूरला जातात. खानावळीत गेले तर जेवणाच्या ऐन वेळेला बाकं रिकामी. कोपऱ्यात दोन औषध कंपनीवाले मोबाइल बघत बसलेले, तेवढेच. गल्ल्यावर आत शिजवणाऱ्या त्या मावशींचा मुलगा, आता केस पिकलेत त्याचे. त्यानं प्लास्टिक चढवलेलं मेनूकार्ड पुढं सरकवलं. पनीर अमुक, गोबी तमुक, नूडल्स. स्वयंपाकघराच्या दाराला फुलाफुलांचा पडदा. त्याची बायको पाणी घेऊन आली, गोकाककडची, मराठीत मध्येच कानडी हेल. मी वडगावची म्हटल्यावर मोकळेपणानं बोलायला लागली. म्हणाली, दिवाळीनंतर बंद करायचं चाललंय. तिच्या नवऱ्यानं गोव्याला एका कारखान्यात काम बघितलंय. तो तिकडं राहणार, ही सासूला आणि मुलीला घेऊन इथं. जागा कुणा मोबाइलवाल्याला देणार. हे सांगताना ती एकच बाक फडक्यानं पुसत होती, आधीच स्वच्छ असलेलं.

मला राग आला, आप्पा. कुणावर ते विचारू नका. पुलावर, पनीरवर, गोव्यावर. मेनूकार्ड उलटं ठेवलं, उठले, आणि काय करतेय हे कळायच्या आत पडद्याशी जाऊन उभी राहिले होते. तोंडातनं आपसूक निघालं, "जेवलासा का? आज घरात काय शिजलंय?" ती बिचारी एवढी शरमली की पदर कुठं घ्यावा कळेना. म्हणाली, "आमचं काय अक्का, घरातलं. त्ये पावण्यांस्नी कसं द्यायचं?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही माणसं पाहुण्याचा मान म्हणून मोबाइलवर बघून बघून पनीर करत होती आणि आपलं चांगलंचुंगलं, तव्यावरची भाकरी, माडगं, कारळ्याची चटणी, पडद्याआड लपवून खात होती. पाहुण्यापुढं साधं ठेवलं तर तो नावं ठेवील, ही भीती. आपल्याच माणसांना असलं सुचावं! घरी पाहुणे आले की आपण तरी दुसरं काय करतो म्हणा.

तेवढ्यात पडद्यामागनं आवाज आला, म्हातारा पण खणखणीत. "कोण गं त्ये? वडगावच्या आप्पांची लेक व्हय तू?"

मी पडदा सारून आत गेले, मावशी खाटेवर बसल्या होत्या. नजर अधू झालीय, कान शाबूत आहेत. मला जवळ बसवून हात हातात घेतला आणि म्हणाल्या, असं दारात उभं राहून विचारणारा माणूस एकच होता. मग त्यांनी ते सांगितलं जे तुम्ही मला जन्मात सांगितलं नाहीत. त्या नव्यानं लग्न होऊन आल्या होत्या. सुनेनं सगळ्यांच्या मागनं जेवायचं, आणि खानावळीत सगळे कधी संपतच नाहीत. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा उन्हं कलली होती आणि आपलं नेहमीचं जेवलासा का विचारलंत. त्या चुकून खरं बोलून गेल्या, न्हाय म्हणाल्या. तुम्ही उंबऱ्यातच बसलात. म्हणालात, तुमच्यासाठी जे असंल त्ये दोन ताटात वाढा, तुमी बसल्याबिगर मी जेवणार न्हाय. सासू आत चडफडली, पण गिऱ्हाईक उपाशी कसं पाठवायचं? सून जेवायला बसली. पुढं तुमची यायची वेळ झाली की त्या आधीच खाऊन घ्यायच्या, तुम्ही विचारलंत तर सांगायला काहीतरी हवं म्हणून. मग रोजच आधी खायला लागल्या. "माज्या सुनंला बी मी आदी जेवायला घालती," मावशी म्हणाल्या. "आमच्या घरचा रिवाजच झाला त्यो."

  कंजूष म्हणत होते मी तुम्हाला, मनातल्या मनात, इतकी वर्षं.

सुनेनं माझं ताट बाहेरच मांडलं, मी आत बसणार नाही म्हणून हट्ट धरला होता. माडग्याची वाफ आणि खर्ड्याचा ठसका कोपऱ्यातल्या बाकापर्यंत गेला. औषध कंपनीवाल्यांपैकी एकानं मान वळवली, त्यांना दिलंय ते आम्हालाही मिळेल का म्हणून विचारलं. ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, माझ्याकडं काय बघतेस, वाढ की. त्या दोघांनी भाकरी मागून मागून घेतली. गल्ल्यावरचा नवरा हे सगळं बघत होता. निघताना मी त्याला म्हटलं, गोव्याला जायचं तर खुशाल जा, पण त्याआधी दिवाळीपर्यंत तो पडदा तेवढा काढून बघ. तो हसला. 

आज परत गेले होते. पडदा नाही. पायरीशी पाटी टेकवलेली, खडूनं लिहिलेली, वर सुनेच्या हातचं कानडी, खाली तिच्या मुलीच्या हातचं मराठी. आज घरात, आणि पुढं जे केलं असेल ते. पाटीवर कुठली भाषा वर यावी यावरून तुम्ही एकेकाळी किती तावातावानं बोलायचात, ते आठवून मला हसू आलं. जेवण दोन्हींचं एकच होतं. आत सगळीच बाकं भरली होती असं नाही, पण बाजाराला आलेली माणसं बसली होती, आणि पुलावरनं मुद्दाम खाली उतरलेली एक गाडी दारात होती. गोव्याच्या कारखान्याला तिच्या नवऱ्यानं कळवलंय, यंदा तरी जमणार नाही म्हणून. पुढच्या वर्षाचं कुणी सांगावं. पण सून आज बाक पुसत नव्हती, वाढत होती.

मी दाराशी जाऊन विचारलं, जेवलीस का? तर म्हणाली, कवाच. मग पाटी नीट वाचली. मुलीचा वाढदिवस होता, म्हणून आज घरात पुरी आणि बटाट्याची भाजी. आप्पा, तुमच्याच नियमानं, तुमच्याच खानावळीत, एवढ्या वर्षांनी मला पुरी-भाजी मिळाली. टम्म फुगलेली. आता तुम्ही मनगट धरून ओढू शकत नव्हता. मी बसून खाल्ली.

हे मी गाडीतच बसून लिहितेय, साड्यांच्या पावत्यांमागं. पाठवायचं कुठं? नमुन्याच्या पिशवीत ठेवीन, तुमची जुनी कात्री आहे तिथं. फक्त एक सांगते, पुन्हा विचारू नका. पुरीचा पहिला घास तोंडात गेला आणि मला माडगंच हवं होतं.