वळणावरची वेडी बाभूळ

१२ एप्रिल, टूसॉन
सकाळी वॉशवर. कोरड्या ओढ्याला इथे वॉश म्हणतात. आमच्या अपार्टमेंटच्या मागूनच जातो. गेल्या पावसात सगळ्या पार्किंग लॉट्सचं पाणी त्यात धावत आलं आणि वळणावरचा काठ खाऊन गेलं. थंडीत तिथे आम्ही मेस्कीटची, इथल्या काटेरी झाडाची, रोपं लावली, मुळांनी काठ धरावा म्हणून. यंदाही काठ ढासळला तर सिटी काँक्रीट ओतणार. वॉश राखणाऱ्या आमच्या ग्रुपची म्होरकी लिंडा, सत्तरीची, आज पुन्हा तेच बजावत होती.
बाबा पुढच्या आठवड्यात येतायत. आई गेल्यापासून जतला एकटेच. फोनवर ‘जेवलीस का’, ‘जेवले’, संपलं.

२० एप्रिल
बाबा आले. ऊन फार, म्हणून वॉश पुलावरूनच दाखवला. "आपल्या ओढ्यासारखाच गं. वाळूसुद्धा तीच." मला एकदम घरी जावंसं वाटलं. किती वर्षांत त्या ओढ्यात पाय...

६ मे
काय लिहू. मी मीटिंगमध्ये होते. बाबा फांद्या छाटायची कात्री घेऊन खाली उतरले आणि वळणावरची सगळी रोपं बुडाशी कापली. घामाघूम, खुशीत परत.
"वेडी बाभूळ माजली होती. तुमचं कुणाचं लक्षच नाही. साफ केली."
जतला ती रानभर माजते, दिसली की तोडायचीच. पण मेस्कीट म्हणजे तिचीच सख्खी बहीण, हे मी त्यांना सांगायला नको होतं का?
"बाबा, ती आम्ही लावली होती!"
"वेडी बाभूळ? कोण लावतं?" हसले. मग माझा चेहरा बघितला.
जेवले नाहीत.

७ मे
लिंडासमोर हात जोडून उभे. "सॉरी मॅडम." तिने वाकून एक कापलेला बुंधा चाचपला. मग म्हणाली, मुळं आहेत अजून, वाट बघू.

१९ मे
रोज संध्याकाळी बादली घेऊन खाली जातात. जन्मभर जिला शिव्या घातल्या तिलाच पाणी. मला हसू आलं, मग रडू.

२ जून
बाबा परत गेले. राहा म्हटलं, खूप म्हटलं. "घर बंद ठेवून कसं चालेल?" एअरपोर्टवर एकच, "फुटली की सांग."
बादली दारात तशीच आहे. उचलवत नाही.

१७ जून
आता रोज फोन. "फुटली का?"
"नाही."
"तोडली तरी येते गं मेली. म्हणून तर वैतागतो आम्ही." आज मग आपणहून आईबद्दल बोलले. तिला हे ऊन सोसलं नसतं, पण वाळू आवडली असती, म्हणाले. फोन ठेवावासा वाटेना.

४ जुलै
दोन बुंध्यांना बोटभर हिरवं! बाकीचे अजून सुकेच. लगेच व्हिडिओ कॉल. तिकडे पहाट, बाबा बनियनवरच.
"दाखव. जवळ ने." नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "मागे ते काळं काय?"
"डोंगरावर पाऊस. इकडेच येतोय."
"काठ धरेल?"
"माहीत नाही, बाबा."
"मग फोन ठेवू नकोस."
पुलावर बसलेय. फोन कठड्याला टेकवलाय, तोंड वळणाकडे. लिहिताना तिकडून त्यांच्या चहाच्या भांड्याचा आवाज येतोय. ते इथे हवे होते. खाली वाळू अजून कोरडी आहे.