टाकीतले जंतू कशाने मेले

दादा,
तू उठशील तेव्हा मी प्लांटवर असेन. आईला सकाळचं इंजेक्शन दिलंय. दुपारची गोळी तेवढी तू दे. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

काल तू विचारलंस, का रडतेस, तर मी डोकं दुखतंय म्हणाले. ते खोटं होतं. गेल्या सोमवारी आमच्या मोठ्या टाकीतले जंतू मेले. सगळ्या गावाची घाण तेच खातात, म्हणून गटाराचं पाणी नदीत सोडता येतं. मायक्रोस्कोपखाली एरवी नुसती वळवळ असते, त्या दिवशी काहीच हलत नव्हतं. तेव्हापासून पाणी तसंच नदीत जातंय, कारण नवे जंतू वाढायला महिना लागेल. खालच्या वस्तीत दोन लेकरं जुलाबांनी गेली. एक तर अजून रांगत होतं.

कुणीतरी गटारात ॲसिडचा टँकर ओतला होता. त्या गटाराच्या झाकणापाशी मला टँकरच्या पाइपाचं टोपण सापडलं. त्यावर तू लाल रंगाने केलेली खूण आहे. साहेबांनी विचारलं, "काही मिळालं का?" मी "नाही" म्हटलं आणि चार दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरतेय. जेवण जात नाही.

तुझ्या टँकरच्या मालकाने सांगितलं असणार, तू आपल्या मनाने असलं काही करणार नाहीस. तेच येऊन साहेबांना सांग. बारापर्यंत मी गेटवर तुझी वाट बघते. त्यांना तुझ्या तोंडून कळलेलं बरं.

नाही आलास, तरी बारा वाजता मी ते टोपण साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे.

— छोटी