गेर्डाचा बिल्ला

त्सेले, ११ मार्च १९५२

प्रिय गेर्डा,

तुझं पत्र गेल्या बुधवारी मिळालं. मुलगी झाली, तू आणि बाळ दोघी सुखरूप आहात, तुझ्या डेटलेफला गोदीत कायमचं काम लागलंय, सगळं वाचून बरं वाटलं. माझं ठीक चाललंय. इस्पितळाच्या धुलाईघरातच आहे अजून, पण आता इस्त्रीच्या खोलीत, त्यामुळे हात फाटत नाहीत. वडील महिनाभर खोकत होते. आता माझ्या सूपला नावं ठेवण्याइतके बरे झालेत.

बाळाच्या बाप्तिस्म्यात तुझ्या आन्ट्येची धर्ममाता होशील का, असं तू विचारलंस. सहा दिवस मी उत्तर लिहिलं नाही. कामाचं निमित्त सांगता आलं असतं, पण तसं नव्हतं.

तू लिहिलंयस, ‘छावणीत सगळ्या पोरींनी माझ्याशी बोलणं टाकलं, तेव्हा तू एकटी माझ्या शेजारी बसून जेवलीस. तुझ्यातला अर्धा पाव मला दिलास. माझ्या मुलीला असं माणूस हवं.’ या वाक्यापाशी मी अडकले आहे.

आधी तुला जे ठाऊक आहे तेच सांगते. चव्वेचाळीसचा उन्हाळा. सक्तीच्या श्रमसेवेची आपली छावणी, चाळीस पोरी, निळे झगे, लाल रुमाल, दिवसभर शेतकऱ्यांकडे राबायचं. सहा आठवडे झाल्यावर झेंड्याखाली एकेकीला बोलावून गळ्याशी टाचायचा तो बिल्ला दिला. गव्हाच्या लोंब्या आणि मध्ये त्यांचं ते स्वस्तिक. छावणीप्रमुख ब्रांडिसबाई म्हणाल्या होत्या, ‘हा हरवत नसतो. जिचा हरवतो, तिनं तो टाकलेला असतो.’ रात्रीच्या जेवणाला तू हातात पळी धरून त्यांची हुबेहूब नक्कल केली होतीस.

मला मात्र हसू आलं नव्हतं. त्याचं कारण तुला कधी सांगितलं नाही. माझे वडील जुन्या युनियनमधले. तेहतीस साली युनियन मोडून सगळ्यांना सरकारी संघटनेत घातलं, तेव्हा तिचा बिल्ला कोटाला लावायला ते तयार झाले नाहीत. चौदा महिने आत होते. ब्रांडिसबाईंकडे तो कागद होता. पहिल्याच दिवशी मला खोलीत बोलावून त्या म्हणाल्या, ‘राइनके, तुमच्या घराला बिल्ल्यांचं वावडं आहे म्हणे. बघू, तुमचं कसं होतं ते.’

तुझ्या रजेच्या आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी मी पागेलबाईंच्या शेतात पेंढ्या बांधत होते. संध्याकाळी गळ्याशी हात गेला, तर बिल्ला नाही. घंटा होईपर्यंत शोधला. मग कॉलरवर रुमाल ओढून घेतला आणि रात्र काढली. सकाळी न्हाणीघरात तुझा झगा खुंटीवर होता. तू डोक्याला साबण लावून, डोळे मिटून गात होतीस. मी तुझा बिल्ला काढला आणि माझ्या कॉलरला लावला.

गेर्डा, तो मी घेतला.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. ब्रांडिसबाई रांगेत तुझ्यापुढे थांबल्या.

‘बिल्ला कुठाय?’

‘सकाळी होता, बाई.’

‘सकाळी होता? मग काय पाय फुटले त्याला?’

‘फुटले असतील. रोज आमच्याबरोबर परेड करतो, चालायला शिकला असेल.’

मागून दोघीतिघी हसल्या. मी तुझ्या डावीकडे उभी होते. तुझी पाच दिवसांची रजा तिथल्या तिथे रद्द झाली आणि बिल्ला मिळेपर्यंत साऱ्या छावणीची रविवारची सुट्टी बंद झाली. म्हणून पोरींनी तुझ्याशी अबोला धरला. ‘हिची जीभ आवरत नाही आणि भोगायचं आम्ही,’ असं म्हणायच्या. मीही मनात तेच घोकत राहिले, की ती गप्प राहिली असती तर एवढं झालं नसतं. तुझ्याशेजारी बसून पाव मोडून देत होते, तेव्हाही. तुला ती माया वाटली. मला तो घास एकटीनं गिळवत नव्हता.

तू असंही लिहिलंयस, की रजा रद्द झाली म्हणून तू वाचलीस, नाहीतर श्टेटिनच्या घरात आईबरोबर तूही बॉम्बखाली गेली असतीस. देवाची करणी, म्हणतेस. तू तसं मानत राहिलीस तर मला सोयीचंच आहे. पण तू शनिवारी घरी पोचणार होतीस आणि रविवारी आईला घेऊन मावशीच्या गावाला निघणार होतीस, तिला एकटीला प्रवास जमत नव्हता म्हणून. मावशीचं पत्र तूच मला वाचून दाखवलं होतंस. दुपारी स्टेशनवर गाडी पाठवते, आईच्या पायांसाठी कांबळं घालते, असं होतं त्यात. बॉम्ब मंगळवारी पडले. तोवर घरात कोणी असायचं कारण नव्हतं.

इथे सही करून मी पत्र पाकिटात घातलं होतं. पुन्हा बाहेर काढलं, कारण अजून एक आहे.

तुझ्या रजेच्या आधीच्या मंगळवारी पागेलबाईंनी मला गोठ्यात हाक मारली. एप्रनच्या खिशातून काहीतरी काढून म्हणाल्या, ‘पोरी, हा तुझाच ना? पेंढीत होता. कोंबडीनं गिळला असता तर सरकारी कोंबडी झाली असती, अंडी पण त्यांनीच नेली असती.’

तो माझा बिल्ला होता. म्हणजे आता माझ्यापाशी दोन होते आणि शनिवारला चार दिवस होते. तुझा न्हाणीघराच्या हौदामागे टाकला असता, तरी कुणाला तरी सापडला असता आणि तुझी रजा तुला परत मिळाली असती. पण ती जागा तीनदा झाडून झाली होती. ब्रांडिसबाई विचारणार, आताच कसा सापडला? मग एकेकीला बोलावणार आणि पहिलं बोलावणं मला येणार. बुधवारी म्हटलं, उद्या टाकू. गुरुवारीही तेच म्हटलं. शुक्रवारी तुझा बिल्ला मी पागेलबाईंच्या शेणखड्ड्यात टाकला आणि हात धुतले.

शनिवारी तुला नेणार होती ती दुधाची गाडी स्टेशनकडे निघाली, तेव्हा आपण दोघी बटाटे सोलत होतो. तू खिडकीतून बघितलंस आणि म्हणालीस, ‘जाऊ दे. पुढच्या महिन्यात जाईन.’

पहिल्या दिवशी मी घाबरले होते. त्याला मी आजही भीतीच म्हणते. पण ते चार दिवस मी रोज जेवत होते, झोपत होते, तुझ्याशी बोलत होते. त्या चार दिवसांना काय म्हणायचं ते मला सुचलेलं नाही.

परवा रविवारी हे वडिलांना सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. ते पाइप साफ करत होते. मग म्हणाले, ‘मला वाटायचं, माझ्या हट्टापायी फक्त तुझ्या आईनं सोसलं.’ मी म्हटलं, यात तुमचं काही नाही, हात माझा होता. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘तिला सांगितलंस?’

म्हणून हे पत्र.

मला माफ कर, असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून मी पुष्कळ घेतलंय. बाप्तिस्मा ईस्टरनंतरच्या रविवारी आहे. मी दोन दिवसांची रजा मागून ठेवली आहे, पण तू बोलावल्याशिवाय येणार नाही. पाद्रीबाबांना नाव आधी कळवावं लागत असेल, तर दुसरं नाव देऊन टाक. माझ्यासाठी थांबू नकोस. डेटलेफला हे दाखवायचं की नाही, तेही तूच ठरव.

तुझ्या आईला मी कधी पाहिलं नाही. त्या वर्षी जूनमध्ये तिनं तुला छावणीत पार्सल पाठवलं होतं. त्यात लोकरी मोज्यांचा एक वेगळा जोड होता आणि त्यावर टाचलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘गेर्डाच्या मैत्रिणीला, पायात घालायला.’ ते मोजे मी तो सगळा हिवाळा वापरले.

आन्ट्येला थंडीत जप.

आल्मुट राइनके