साबणाच्या डब्यांची टकटक

शनिवार, दुपार
(चित्रकलेच्या जुन्या खोलीतून. आता तिथे मोडकी बाकं ठेवतात, त्यामुळे मला बसायला तीच योग्य.)

ती. अक्का,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर परवानगी देते तितकंच वाकलोय, उरलेला नमस्कार मनातून समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तू डॉक्टरच बदललास असं कळलं. उत्तम केलंस. भाऊजींची नवी कवळी बसली का, की अजून कवळी खिशात आणि हात तोंडावर असंच चाललंय? फोन सोडून मी पत्र का लिहितोय, हे तू विचारशीलच. कारण भाऊजी. फोन आला की ते स्पीकर लावतात, आणि माझं रडगाणं तुझ्याबरोबर तुमचा अख्खा मजला ऐकतो. तेव्हा हे पत्र तू एकटीने वाच. चष्मा सापडत नसेल तर सापडेपर्यंत थांब, पण भाऊजींकडून वाचून घेऊ नकोस.

मी कॉम्प्युटर शिकवतो हे ऐकून तुझा ऊर भरून आला, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. अक्का, ऊर जरा आवर. झालं ते असं. यंदा शाळा उघडली त्याच दिवशी मोठ्या बाईंनी मला आत बोलावलं. (मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण शाळेत मोठेपण उंचीवर नसतं, खुर्चीवर असतं.) त्यांनी सांगितलं, चित्रकला वरून बंद झाली. वरून म्हणजे नक्की कुठून हे आमच्याकडे कोणी विचारत नाही, सगळे नुसते छताकडे बघतात. आता पहिली-दुसरीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा आणि तो मी शिकवायचा. का, तर माझा हात चांगला आहे, आणि माऊस हातानेच चालवतात. या न्यायाने आमच्या शिपायाला शस्त्रक्रिया करायला उभं केलं पाहिजे, कारण तो पाव फार सफाईने कापतो.  पण पुढचं वाक्य असं होतं की वार्षिक तपासणीत हा विषय नीट दिसला नाही तर तो एका कंपनीकडे जाईल आणि मी अतिरिक्त ठरेन. अतिरिक्त शिक्षक म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. त्याला हाकलत नाहीत, फक्त एका शाळेतून दुसरीकडे, दुसरीतून तिसरीकडे ढकलत राहतात, आणि प्रत्येक ठिकाणी तो आल्यावर लोक विचारतात, हे कोण? मला निवृत्तीला दोन वर्षं चार महिने उरलेत. एवढ्यासाठी तीस वर्षं एका शाळेत घासली नाहीत मी. म्हणून मान डोलावली.

आता आमची कॉम्प्युटरची खोली ऐक. पूर्वी तिथे नकाशे ठेवत. खोलीत दहा मशीन आहेत आणि प्रत्येकाला सभागृहाच्या जुन्या पडद्याचं कव्हर शिवलंय, त्यामुळे आत गेलं की दहा माणसं पांघरूण घेऊन बसल्यासारखी वाटतात. दारावर पाटी आहे, हात लावू नये. बाहेर चपला काढायच्या, आत मोठ्याने श्वास घ्यायचा नाही, आणि कव्हरं काढायची ती फक्त पाहुणे आले तर. आणि माऊस? दहाच्या दहा माऊस मोठ्या बाईंच्या लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा न काढलेले, कुलूपबंद. पोरं पाडतील म्हणून! मी म्हणतो, पोरांनी पाडायचा नाही तर मग तो आणला कशाला, त्याची आरती करायला? बैलाशिवाय गाडी हाकायला सांगणारी ही माणसं, आणि वर तपासणीत गाडी पळताना दिसली पाहिजे. डोकं फिरतं अगदी.

पण तुझा भाऊ काही हात टेकणारा नाही. मी वर्गातच कॉम्प्युटर उभा केला. पुठ्ठ्याची मोठी चौकट केली आणि आत एकावर एक कागद लावले. पहिल्या कागदावर छोटी छोटी चित्रं, दुसऱ्यावर रंगांची पेटी उघडलेली, तिसऱ्यावर कोरं पान, असे चौदा पडदे पाठ्यपुस्तकात बघून रंगवले. (अक्का, खरं सांगतो, त्या पडद्यांवरची छायाप्रकाशाची करामत बघायला तू हवी होतीस. मशीनवाल्यांच्या बापाला जमणार नाही.) माऊससाठी पोरांना घरून साबणाची एकेक रिकामी डबी आणायला लावली आणि तिला लोकरीची शेपटी बांधली. आता अडचण एकच. डबी दाबली तरी आवाज होत नाही, मग पोरांनी दाबली की नाही हे मला कळणार कसं? म्हणून मी नियम केला, दाबताना तोंडाने टक म्हणायचं. एकदा टक म्हणजे वस्तू निवडली, दोनदा टक-टक म्हणजे उघडली. चाळीस पोरं एका सुरात टक-टक म्हणायची आणि मी पुढचा कागद उलटायचो. मोठ्या बाई बाहेरून जाताना हा आवाज ऐकून समाधानाने मान हलवायच्या. त्यांना शिक्षण नेहमी कानानेच कळतं. महिन्याभरात पोरं इतकी तयार झाली की डबीवर हात ठेवायलाही विसरायची, नुसती टक-टक म्हणून माझ्याकडे बघायची, आणि मी उलटायचो. थोडक्यात, शाळेतला एकमेव चालू कॉम्प्युटर मी होतो.

या सगळ्यात एक खडा. दुसरीतली एक पोरगी, समोरचे दोन दात पडलेले, आम्ही तिला वकीलबाई म्हणतो. कुठलंही वाक्य तिला पुराव्याशिवाय चालत नाही. एकदा भर वर्गात उठून तिने विचारलं, "सर, तुम्हाला खरा कॉम्प्युटर येतो का?" मी डोळे वटारून सांगितलं की प्रश्न मधल्या सुट्टीत विचारायचे. तर ही बया मधल्या सुट्टीत खरंच दाराशी हजर! मी पाणी प्यायला गेलो. त्या दिवशी मी पुष्कळ पाणी प्यायलो.

परवा तपासणी झाली. तपासनीस साहेब आले ते दोन्ही हातांत एकेक फोन घेऊन, आणि मागे त्यांची बॅग धरायला एक माणूस, कारण फोनमुळे साहेबांना हात मोकळा नाही. मोठ्या बाईंनी कपाट उघडून माऊस बाहेर काढले, आमच्या कारकुनाने सकाळीच मशीन लावून दिली होती, आणि एकेका मशीनपुढे चार-चार पोरं बसवली. सातआठ महिन्यांत पोरांनी खरा पडदा पहिल्यांदाच बघितला.  साहेब म्हणाले, बाळांनो, रंगांची पेटी उघडून दाखवा. चाळीस पोरांनी ऐटीत माऊसवर हात ठेवले, एकावर एक, आणि छत हलेल अशा आवाजात म्हणाली, टक-टक! एकाचंही बोट हललं नाही. पडदे जागच्या जागी. आणि मग अक्का, चाळीस माना माझ्याकडे वळल्या. मी कागद उलटायची वाट बघत! सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे माझाही हात उठला. सवयीने मी जवळच्या मशीनचा वरचा कोपरा चिमटीत धरायला गेलो. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

मोठ्या बाई पांढऱ्या पडल्या. साहेब मात्र गोंधळले, आणि गोंधळलेला साहेब नेहमी यंत्राला दोष देतो. मशीन जुनी दिसतात म्हणत त्यांनी एका पोराच्या हातातून माऊस घेतला, उचलला, आणि टीव्हीचा रिमोट धरतात तसा पडद्याकडे रोखून दाबला. दोनदा दाबला. मग लांब जाऊन दाबला. याच साहेबांनी गेली पाच वर्षं सबंध भागातल्या शाळांचं संगणक शिक्षण तपासलंय. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिलो. तेवढ्यात वकीलबाईने तिच्या मशीनपुढचा माऊस आपल्याकडे ओढला, उलटसुलट करून नीट बघितला, टेबलावर ठेवला आणि बोटाने दाबला. मग ती त्याच पडलेल्या दातांतून म्हणाली, "सर, याला आपण टक म्हणायचंच नाहीये. हा स्वतःच म्हणतो."

झालं. माऊस स्वतः टक म्हणतो हे कळल्यावर खोलीत जो गोंधळ उडाला तो काय सांगू! पाच मिनिटांत रंगांच्या पेट्या उघडल्या, दहा मिनिटांत दहाही पडद्यांवर रेघोट्या. वकीलबाईने काय काढलं असेल? साबणाची डबी, लोकरीच्या शेपटीसकट, आणि डबीखाली सावलीसुद्धा. सावली मी शिकवलेली. एकही पोर माझ्याकडे वळून बघेना. मला वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं की माणूस नाक शिंकरायला बाहेर जातो, तसा मी गेलो.

परत आलो तो पोरांनी साहेबांना साबणाच्या डब्या दाखवून झाल्या होत्या आणि साहेब शेरा लिहीत होते. आधी हातातल्या वस्तूने सराव आणि मग मुलाने स्वतः शोध लावणं, ही पद्धत अत्यंत अभिनव आहे म्हणे. तो शोध कसा लागला हे मी साहेबांना समजावलं नाही. इथवर ठीक होतं, पण ते पुढे लिहीतच गेले. आजपासून पंधरा दिवसांनी आसपासच्या सगळ्या शाळांतल्या शिक्षकांपुढे या सरांनी स्वतः चालू मशीनवर एक तासाचा पाठ करून दाखवावा. दाखवला तर विषय शाळेकडे आणि सर जागेवर. नाही दाखवला तर कंपनी. मोठ्या बाईंनी मला पेढा मिळाल्यासारखा चेहरा करून अभिनंदन केलं. मी अर्थातच घाबरलो वगैरे नाही. पत्र्याच्या डबड्याला घाबरायचं तर मग झालंच. ज्याने चौदा पडदे हाताने रंगवले त्याला एक पडदा बोटाने उघडणं काय जड आहे? हे सगळं तुला नुसतं करमणूक म्हणून लिहिलं.

गुडघ्याला जप, जिन्याशी भांडू नकोस, आणि भाऊजींना कवळी तोंडात ठेवायला सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. – मागच्या खेपेला माझी छत्री तुमच्याकडे राहिली. ती न्यायला येत्या शनिवार-रविवारी यावं म्हणतो.

ता. क. २ – छत्री राहिलेली नाही, ती इथेच समोर खिळ्याला लटकतेय. तुझी दुसरीतली नात कॉम्प्युटरवर चित्रं काढते आणि तुझी पत्रंही तीच टाइप करते, असं तू लिहिलं होतंस. तर तिने मला दोन दिवस शिकवावं. अगदी मशीन चालू कसं करायचं, इथपासून. मी आजवर त्या वस्तूला बोट लावलेलं नाही.

ता. क. ३ – वर मोठ्या बाईंवर बरीच आगपाखड केली आहे, ती जरा कमी करून वाच. माऊस कपाटात कुलूप लावून ठेवावेत ही सूचना मुळात माझी होती. लेखी दिली होती. ते बाहेर आले असते तर आधी मलाच चालवून दाखवावे लागले असते.

ता. क. ४ – भाऊजींना सांग मी छत्रीसाठीच येतोय. नातीला मात्र काही थापा मारू नकोस. मामाआजोबा परीक्षा घ्यायला येतोय असं सांगावं, हे आधी मनात आलं होतं, पण नको. तिने विचारलं, मामाआजोबा, तुम्हाला खरा कॉम्प्युटर येतो का, तर या वेळी मी पाणी प्यायला जाणार नाही.